देवाच्या दारातले तिकीट: ॲमस्टरडॅम ते त्बिलिसी

6 ऑगस्ट, ॲमस्टरडॅम

श्रावण नुकताच लागला होता आणि अशा वेळी घर सोडून चौदा दिवस परमुलखात फिरणे सासूबाईंना मुळीच पसंत नव्हते. नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना युरोपातील धर्मसुधारणेचा धडा मी दरवर्षी शिकवला, लूथरने 1517 मध्ये मांडलेल्या 95 मुद्द्यांची गोष्ट रंगवून सांगितली, कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील युद्धांची सनावळी मुलांकडून घोकून घेतली. मात्र ज्या चर्चांसाठी एवढे रक्त सांडले त्यांत आज कोण येते, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि मलाही तो निवृत्तीनंतरच पडला. भाचा नेदरलँड्समधील आइंडहोव्हनला नोकरी करतो. तो स्वतःला नास्तिक म्हणवतो, पण रजा काढून सोबत येण्याचे त्यानेच कबूल केले आणि गाड्यांची तिकिटेही त्यानेच काढली.

पहिले पाऊल औदे केर्कमध्ये, म्हणजे ‘जुन्या चर्चात’ ठेवले. 1306 मध्ये अभिषेक झालेली ही शहरातील सर्वांत जुनी वास्तू आहे. 1578 मध्ये शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेले, तेव्हा ती कॅल्व्हिनपंथीयांकडे आली. आज तिचा बहुतेक भाग समकालीन कलेच्या प्रदर्शनांसाठी वापरला जातो, आणि रविवारी एक लहानसा समुदाय तेथे अजूनही प्रार्थनेला जमतो. भाच्याने खिडकीशी पैसे भरले, पावतीची घडी करून पाकिटात ठेवली आणि म्हणाला, “मावशी, देवाच्या दारात तिकीट लागतं, हे तुझ्या धड्यात होतं का?” मी त्याला सांगितले, की आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांतही पावती फाडली की रांग चुकते, तेव्हा फार हसू नकोस. तरीही आत गेल्यावर मनात चर्र झाले. संपूर्ण जमीन थडग्यांच्या शिळांची आहे, पाय ठेवू तेथे कोणाचे तरी नाव आहे, आणि त्या नावांवरून माणसे कानाला यंत्र लावून कलाकृतीची माहिती ऐकत हिंडत होती.

तेथून हाकेच्या अंतरावर कालव्याकाठी एक घर आहे. सत्ता बदलल्यावर कॅथोलिकांना उघडपणे उपासना करण्याची बंदी झाली, तेव्हा एका व्यापाऱ्याने 1663 मध्ये लगतच्या तीन घरांच्या माळ्यांचे मिळून अख्खे चर्च बांधले. बाहेरून ते साधे घर दिसते. अरुंद, उभा जिना चढून गेले की एकदम वेदी, वाद्य आणि सज्जे समोर येतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. दिसू नये एवढीच अट होती. लपून जपलेले हे चर्च 1888 पासून संग्रहालय आहे. येथेही अर्थात तिकीट लागते.

डच समाज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उभ्या खांबांत विभागलेला होता. कॅथोलिकांची शाळा, वर्तमानपत्र, कामगार संघटना, राजकीय पक्ष आणि रेडिओ वेगळा, प्रोटेस्टंटांचा वेगळा, समाजवाद्यांचा वेगळा, अशी ती व्यवस्था होती. कॅथोलिक माणूस जन्मापासून मरणापर्यंत आपल्याच खांबाला धरून जगू शकत असे. 1960 च्या दशकात हे खांब खचू लागले आणि त्यांच्या आधाराने उभा असलेला चर्चचा डोलारा त्यांच्याबरोबर खाली आला. 2017 च्या सरकारी आकडेवारीत पंधरा वर्षांवरील डच नागरिकांत धर्म मानणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच निम्म्याच्या खाली, 49 टक्क्यांवर आले. भाच्याच्या कचेरीतील बहुतेकांना विचारले, तर ते नास्तिक असल्याचे सांगत नाहीत. ‘काहीतरी आहे खरे’ एवढेच म्हणतात. या वृत्तीला डच भाषेत ‘इट्सिझ्म’ म्हणतात, मराठीत सरळ ‘काहीतरीवाद’ म्हणता येईल.

परंतु धर्मच शहरातून गेला, असे म्हणण्याची सोय नाही. रोझेनग्राख्तवर दोन मनोऱ्यांचे एक मोठे कॅथोलिक चर्च होते. भाविक आटल्यावर ते बंद पडले आणि 1981 मध्ये तेथे तुर्की समाजाची फातिह मशीद सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ होती आणि दाराशी चपलांची दाटी होती. दिवसभरात पाहिलेल्या प्रार्थनास्थळांपैकी फुकट प्रवेशाचे आणि गर्दीचे असे ते एकच होते.

8 ऑगस्ट, मास्त्रिख्त

डॉमिनिकन संघाच्या 1294 च्या चर्चात आज पुस्तकांचे दुकान आहे. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने 1794 मध्ये शहर घेतले, संन्याशांना बाहेर काढले, आणि त्यानंतर ही वास्तू कधी कोठार, कधी सायकली ठेवण्याची जागा अशी वापरली गेली. गाभाऱ्याच्या जागी कॉफीचे टेबल आहे आणि ते क्रुसाच्या आकाराचे आहे. ही कल्पना मला चमत्कृतीच्या जरा अधिकच जवळ जाणारी वाटली. दुकान मात्र देखणे आहे, आणि सायकलींपेक्षा पुस्तके केव्हाही बरी.

9 ऑगस्ट, ड्रेस्डेनमार्गे प्राग

दिवस गाड्या बदलण्यात गेला. ड्रेस्डेनला मधे तीन तास मिळाले, तेवढ्यात फ्राउएनकिर्के पाहून आलो. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर हे प्रोटेस्टंट चर्च कोसळले आणि पूर्व जर्मनीच्या राजवटीत दगडांचा ढीग तसाच पडून राहिला. एकीकरणानंतर देशोदेशींच्या देणग्यांतून ते पुन्हा उभारले गेले आणि 2005 मध्ये त्याचा अभिषेक झाला. ढिगातले जुने काळे पडलेले दगड नव्या पिवळसर दगडांत मूळ जागी बसवले आहेत, त्यामुळे भिंतीवर देवीचे वण असावेत तशी ती दिसते. लूथरचा हा मुलूख, पण आज जगातील सर्वांत कमी धर्म मानणाऱ्या प्रदेशांत त्याची गणना होते. चर्चातील दृढीकरणाच्या विधीला पर्याय म्हणून साम्यवाद्यांनी पुढे आणलेला ‘युगेंडवाइहे’ हा मुले वयात आल्याचा सोहळा मात्र राजवट बुडाल्यावरही टिकून आहे. सोहळा माणसाला हवाच असतो, देव असो वा नसो.

10 आणि 11 ऑगस्ट, प्राग

प्रागच्या जुन्या चौकात उभे राहिले की चेक लोकांचे धर्माशी असलेले वाकडे एका नजरेत कळते. एका बाजूला यान हुसचा पुतळा आहे. लूथरच्या शंभर वर्षे आधी चर्चच्या भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्या या धर्मोपदेशकाला 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले आणि बरोबर 500 वर्षांनी, 1915 मध्ये हा पुतळा उभा राहिला. जुन्या नगरभवनापाशी फरसबंदीत 27 पांढरे क्रूस आहेत. 1620 मध्ये पांढऱ्या टेकडीच्या लढाईत प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाला आणि पुढील वर्षी 21 जूनला त्यांच्या 27 पुढाऱ्यांना येथे मृत्युदंड दिला. त्यानंतर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातील सम्राटांनी हा देश सक्तीने पुन्हा कॅथोलिक केला.

आणि चौकातच मरियमचा उंच स्तंभ आहे. तो मूळचा 1650 मधला. नोव्हेंबर 1918 मध्ये, प्रजासत्ताकाची घोषणा झाल्यावर आठवडाही लोटला नव्हता, तोच जमावाने तो हाब्सबुर्गांची खूण म्हणून दोर लावून पाडला. त्याची प्रतिकृती 2020 मध्ये पुन्हा उभी राहिली, तीही कित्येक वर्षांच्या वादानंतर. हुस आणि मरियम हे दोघे आता त्याच चौकात आहेत आणि पर्यटक दोघांच्या पायथ्याशी सारख्याच निर्विकारपणे आइस्क्रीम खात बसतात.

जेथे धर्म जेत्याच्या सैन्याबरोबर आला, तेथे तो राजवाड्यात राहिला, घरात शिरला नाही, असे मला येथे वाटू लागले. त्यावर 1948 नंतरच्या साम्यवादी राजवटीने घाव घातला. एप्रिल 1950 मध्ये देशभरातील पुरुष संन्याशांचे मठ एकाच मोहिमेत बंद करून संन्याशांना नजरकैदेत टाकले. टोमाश हालिक यांना तर 1978 मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा पूर्व जर्मनीत जाऊन गुप्तपणे घ्यावी लागली. पुढे टेम्पलटन पुरस्कार मिळवणारे हेच हालिक आपल्या देशबांधवांच्या श्रद्धेला ‘न्येत्सिझ्मुस’ म्हणतात, म्हणजे पुन्हा आपला काहीतरीवादच. स्वातंत्र्यानंतर चर्चकडे लोकांचा ओढा वाढला खरा, पण जप्त मालमत्ता परत करण्याचा आणि 59 अब्ज क्राउन भरपाई देण्याचा कायदा 2012 मध्ये झाला, तेव्हा बहुसंख्यांना त्यात चर्चचा लोभच दिसला. 2021 च्या जनगणनेत जवळपास 48 टक्के लोकांनी आपण कोणताच धर्म मानत नसल्याचे नोंदवले, 30 टक्क्यांनी रकाना कोरा ठेवला, आणि 21 हजारांवर लोकांनी धर्माच्या रकान्यात एका इंग्रजी अंतराळपटातील ‘जेडाय’ असे लिहिले. भाच्याला ही गोष्ट फार आवडली.

दुसरा दिवस मी बाळ येशूसाठी राखून ठेवला होता. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत मी लहानपणापासून जात आले आहे. देशभरातून भाविक येतात, त्यांत हिंदूही पुष्कळ असतात, आणि आमची आई नवस फेडायला तेथे मेणबत्ती लावत असे. तो बाळ येशू मूळचा प्रागचा, एवढेच मला ठाऊक होते. नदीपलीकडच्या माला स्त्राना भागातील हे चर्च 1611 च्या सुमारास जर्मन लूथरपंथीयांनी बांधले होते; पांढऱ्या टेकडीनंतर ते काढून घेऊन कार्मेलाइट संन्याशांना दिले आणि त्याचे नावच ‘विजयी माता मरियम’ असे ठेवले. मूर्ती स्पेनमधून आली आणि पोलिक्सेना लोबकोविच या सरदार स्त्रीने 1628 मध्ये ती संन्याशांना दिली. 1784 मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने येथील मठ बंद केला, त्यानंतर कार्मेलाइट परत आले ते थेट 1993 मध्ये.

मूर्ती जेमतेम दीड फुटाची, मेणाची आहे. डाव्या हातात पृथ्वीचा गोल, उजवा हात आशीर्वादाला उचललेला. आम्ही गेलो तेव्हा अंगावर हिरवा अंगरखा होता, कारण चर्चच्या पंचांगात सणावाराव्यतिरिक्तच्या दिवसांचा रंग हिरवा. उपवासाच्या काळात जांभळा, मोठ्या सणांना पांढरा. वरच्या मजल्यावर मूर्तीचे पोशाख काचेत मांडले आहेत आणि त्यांत सम्राज्ञी मारिया थेरेसाने दिलेलाही एक आहे. जर, मोती, कशिदा, छोट्या मनगटांना लेसच्या झालरी. पंढरपूरला रुक्मिणीचा जामदारखाना दाखवतात तेव्हा जसे डोळे दिपतात तसे झाले. खाली बाकांवर चाळीसेक माणसे असतील. कानावर स्पॅनिश पडत होती, फिलिपिनो बायकांचा एक गट होता, केरळचे एक कुटुंब होते. चेक मात्र मेणबत्त्या विकणाऱ्या काउंटरवरच्या बाई तेवढ्या होत्या. त्यांना मी नाशिकचे नाव सांगितले, तर त्यांनी मान डोलावली. कोठल्याशा परदेशी गावाचे नाव ऐकण्याची त्यांना सवय असावी. मी आईच्या नावाने मेणबत्ती लावली आणि भाचा काही बोलला नाही.

13 ऑगस्ट, नोव्हा हुता

पोलंडमधील क्राकुव्हच्या पूर्वेला साम्यवादी सरकारने 1949 पासून पोलादाच्या कारखान्याभोवती हे नवे नगर वसवले. रुंद रस्ते, कामगारांची घरे, नाट्यगृह, दवाखाने, सगळे होते. चर्च तेवढे नकाशात नव्हते. लोकांनी मागणी केली, जागा मिळाली, तेथे क्रूस उभा राहिला, आणि मग परवानगी मागे घेतली गेली. 27 एप्रिल 1960 रोजी क्रूस उपटायला कामगार आले, तेव्हा बायकांनी त्यांना अडवले आणि पाहता पाहता दंगल पेटली. क्रूस मात्र जागेवरच राहिला. तरुण बिशप कारोल व्होयतिवा थंडीत उघड्या मैदानावर येथे नाताळच्या मध्यरात्रीची उपासना करत. पुढे दुसऱ्या जागी ‘आर्का पाना’, म्हणजे ‘प्रभूची नौका’ हे चर्च 1967 पासून दहा वर्षे, सरकारी यंत्रे आणि साहित्य न मिळता, लोकांच्या श्रमांतून उभे राहिले. 15 मे 1977 रोजी त्याचा अभिषेक व्होयतिवा यांनीच केला आणि पुढच्याच वर्षी ते पोप जॉन पॉल दुसरे झाले. भिंतींना बाहेरून नदीतले गुळगुळीत गोटे लावले आहेत. मी त्यांवरून हात फिरवला. तळहातात मावतील एवढे ते आहेत, कोणी कोणी पिशवीत घालून आणले असतील.

येथे माझ्या प्रागच्या तर्काला पुष्टी मिळाली. प्रागमध्ये चर्च राजाच्या बाजूला होते, येथे ते राजाच्या समोर उभे राहिले. पोलंडचे राज्य रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतले तेव्हाही, नाझींच्या काळातही आणि नंतरही, पोलिश भाषेला आसरा चर्चचाच होता. साहजिकच चर्चला जाणे हे एकाच वेळी भक्ती आणि बंड होते.

14 आणि 15 ऑगस्ट, चेन्स्तोहोव्हा

यास्ना गुरा म्हणजे ‘उजळ डोंगर’. त्यावरील मठात काळ्या मरियमचे चित्र 1382 पासून आहे. तिच्या उजव्या गालावर दोन उभे वार आहेत. 1430 मध्ये मठ लुटणाऱ्यांत हुसचे अनुयायी होते असे सांगतात, त्यामुळे प्रागच्या चौकातला धागा येथे गालावरच्या जखमेपर्यंत येऊन पोचला. 1655 मध्ये स्वीडिश सैन्याच्या वेढ्यात मठ पडला नाही आणि दुसऱ्या वर्षी राजाने मरियमला पोलंडची राणी जाहीर केले.

15 ऑगस्टच्या सणासाठी देशभरातून पायी दिंड्या येतात. वॉर्साची दिंडी 1711 पासून चालत आली आहे. ती 6 ऑगस्टला निघते आणि 14 तारखेला पोचते. सरळसोट रुंद रस्त्याच्या शेवटी मठाचा मनोरा दिसतो आणि त्या रस्त्याने दुपारभर लोंढे येत होते. प्रत्येक दिंडीचा क्रमांक आणि रंग, गळ्यात बिल्ला, पाठीवर कर्णा बांधलेला एक तरुण, त्यामागे गिटारवर भजने म्हणणारी पोरे, फोड आलेल्या पायांना पट्ट्या. निवृत्तिनाथांच्या यात्रेला पौषात त्र्यंबकेश्वरला दिंड्या येताना पाहणाऱ्या माणसाला यात काय नवे, असे कोणी म्हणेल. पण मनोरा दिसताच ती दमलेली माणसे रस्त्यातच गुडघ्यांवर बसली आणि काही पालथी पडली, तेव्हा कळस दिसल्यावर होते तेच मला झाले. फरक एवढाच, की येथे टाळ-मृदंग नाहीत आणि प्रत्येक दिंडीबरोबर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू चालतात.

आमची राहण्याची खोली ऐन वेळी दुसऱ्याला दिली गेली होती. नाव घेण्यात अर्थ नाही. सणाच्या गावात हे जगभर घडते. रात्री नऊची ‘आपेल’ची प्रार्थना झाल्यावर आम्ही मठासमोरच्या मैदानात गवतावरच बसलो. शेजारच्या आजीबाईंनी न विचारता आपली फोमची चटई सरकवून दिली आणि थर्मासमधला काळा चहा दिला. त्यांची नात सतरा-अठरा वर्षांची, इंग्रजी बोलणारी. ती म्हणाली, की शाळेतील धर्मशिक्षणाच्या तासातून मी नाव काढून घेतले आहे, रविवारी चर्चला जात नाही, पण आजीबरोबर नऊ दिवस चालते. कारण विचारल्यावर तिने खांदे उडवले. “आजीचे गुडघे,” एवढेच ती म्हणाली. आजी एकटी चालू शकत नाही, असा त्याचा अर्थ होता, की आजी गुडघ्यांवर बसते तेव्हा तिला उठवायला कोणी लागते, असा होता, हे मला नीट कळले नाही.

त्या मुलीच्या पिढीने आकडे पालटवले आहेत. 2011 च्या जनगणनेत 87.6 टक्के पोलिश लोकांनी स्वतःला कॅथोलिक म्हटले होते, 2021 मध्ये 71.3 टक्क्यांनी. रविवारच्या उपासनेला येणाऱ्यांचे प्रमाण 2019 मध्ये 36.9 टक्के होते, ते 2022 मध्ये 29.5 टक्क्यांवर आले. करोना हे एक कारण आहेच. पण 1990 मध्ये सरकारी शाळांत धर्माचा तास सुरू झाला, चर्च सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसले, धर्मगुरूंकडून मुलांवर झालेले अत्याचार दडपल्याची प्रकरणे बाहेर आली, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपात जवळजवळ बंद केला तेव्हा लाखो बाया रस्त्यावर उतरल्या, त्यांतील काही चर्चांच्या दारांत. ज्या चर्चाने साम्यवादी राजवटीसमोर मान झुकवली नाही, त्याला मोकळेपणा मानवला नाही, असे मी भाच्याला म्हटले. तो म्हणाला, “मावशी, मोकळेपणा नाही, सत्ता मानवली नाही.” त्याचे बरोबर होते.

पहाटे तुताऱ्यांच्या घोषात चित्रावरचे धातूचे आवरण वर सरकले. भाविक गुडघ्यांवर सरकत वेदीमागून प्रदक्षिणा घालतात. भिंतीवर बऱ्या झालेल्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या टांगलेल्या आहेत. आजीबाई माझ्यापुढे होत्या आणि नात त्यांच्या कोपराला धरून चालत होती, उभी.

16 ऑगस्ट, क्राकुव्ह

काझिमेझ या ज्यू वस्तीत अर्धा दिवस घालवला. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे 33 लाख ज्यू होते, त्यांपैकी बहुतेक मारले गेले. आज येथे 1988 पासून भरणारा ज्यू संस्कृतीचा महोत्सव आहे, ज्यू पदार्थांची खानावळ दर दहा पावलांवर आहे. रेमू सिनेगॉगमध्ये मात्र प्रार्थना अजूनही होते. खानावळींपेक्षा त्या सिनेगॉगमधील, डोके झाकण्यासाठी ठेवलेल्या टोप्यांची पेटी मला अधिक खरी वाटली.

17 ऑगस्ट, कुताइसी

विमानाने पोलंडमधून थेट जॉर्जियात. उतरल्या उतरल्या बाग्राती हे अकराव्या शतकातील कॅथेड्रल पाहिले. 1692 मध्ये तुर्कांनी ते सुरुंगाने उडवले आणि तीन शतके ते छपराविना उभे होते. सरकार आणि चर्च यांनी मिळून ते 2012 पर्यंत पुन्हा पूर्ण बांधले, नव्या भागांत काच आणि पोलाद वापरले. मूळ अवशेषांचे स्वरूप बदलल्यामुळे युनेस्कोने 2017 मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीतून वगळले. आत लग्नाची वरात होती आणि यादीतून नाव गेल्याचे दुःख तेथे कोणाला दिसले नाही. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला अवशेष हवे होते. नवरीला छप्पर हवे होते.

18 आणि 19 ऑगस्ट, त्बिलिसी

मार्श्रुत्का म्हणजे आपल्याकडची वडापची गाडी, तशीच भरलेली, तशीच हाकलेली. वाटेत डोंगरावर चर्च दिसले की चालक स्टिअरिंग सोडून तीनदा क्रूस काढी, मग तो समोरच्या ट्रकला ओलांडत असो वा नसो. गाडीतील निम्मी माणसे, त्यांत कानात इयरफोन घातलेली पोरेही, त्याच्याबरोबर हात हलवीत. मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

1921 मध्ये सोव्हिएत सत्ता आल्यावर या देशातील चर्चे एकामागून एक बंद पडली. त्याच त्बिलिसीच्या धर्मविद्यालयात 1894 ते 1899 शिकलेला विद्यार्थी पुढे स्टालिन झाला. ते विद्यालय आता कलासंग्रहालय आहे. 1977 मध्ये इल्या दुसरे चर्चप्रमुख झाले तेव्हा मोजकीच चर्चे चालू होती. 2014 च्या जनगणनेप्रमाणे मात्र 83.4 टक्के लोक ऑर्थोडॉक्स होते. जन्मदर घटत असताना इल्यांनी जाहीर केले, की ज्या दांपत्याला तिसरे किंवा पुढचे मूल होईल त्यांच्या त्या मुलाचा बाप्तिस्मा मी स्वतः करीन, आणि हजारो मुलांचे ते धर्मपिता झाले. सरकारशी झालेल्या 2002 च्या करारानुसार चर्चला विशेष स्थान आहे, सरकारी तिजोरीतून निधी मिळतो. 17 मे 2013 रोजी समलिंगींच्या हक्कांसाठी जमलेल्या थोड्या लोकांवर हजारोंचा जमाव चालून गेला, तेव्हा त्याच्या अग्रभागी झगे घातलेले धर्मगुरू होते. त्या छायाचित्रांतून मी अजून सावरलेले नाही.

पोलंडमध्ये चर्चचे जे झाले तेच येथेही होणार, असे म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण समेबात पाऊल टाकल्यावर मी तो निकाल लांबणीवर टाकला. 1995 मध्ये पाया घातलेले आणि 2004 मध्ये अभिषेक झालेले हे प्रचंड कॅथेड्रल शहरावर सोन्याच्या घुमटाने राज्य करते. ज्या जागेवर ते आहे, तेथे अर्मेनियन लोकांचे जुने दफनस्थान होते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. दाराशी पँट घातलेल्या बायकांसाठी गुंडाळायचे कपडे ठेवले होते. माझी ओढणी डोक्यावर घेतली की काम झाले. आत बाके नाहीत. सगळे उभे, येजा चालू, मुले रांगत आहेत, म्हाताऱ्या चित्रांना ओठ लावत आहेत आणि तरुण मुली मधमाशीच्या मेणाच्या पिवळ्या बारीक मेणबत्त्या चिकटवत आहेत. पोलंडमध्ये जी पिढी आजीचे कोपर धरून उभी होती, ती येथे आजीच्या आधीच वाकली होती.

एका भिंतीवर राणी केतेवानचे चित्र दिसले आणि मी थबकले. इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलण्याचा आग्रह धरला, तिने नकार दिला, म्हणून 1624 मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे अवशेष गोव्याला नेले. जुन्या गोव्यातील त्यांच्या चर्चचा उभा उरलेला एकच मनोरा मी सहलीला नेलेल्या मुलांना कितीदा तरी दाखवला आहे. पोर्तुगीज सरकारनेच एकोणिसाव्या शतकात संन्याशांचे संघ बंद केले आणि त्या चर्चचे छप्पर 1842 मध्ये कोसळले. त्याच ढिगाऱ्यात उत्खननात हाड सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेने जनुकीय तपासणीतून ते केतेवानचे असण्याला पुष्टी दिली आणि जुलै 2021 मध्ये भारताने अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला परत केला. मी शेजारच्या बाईंना खुणेने सांगितले, की मी भारताची, गोवा, केतेवान. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि जॉर्जियनमध्ये बराच वेळ बोलत राहिल्या.

19 ऑगस्टला येथे येशूच्या रूपांतराचा सण असतो. पोलंडमध्ये 15 तारखेला होऊन गेलेला मरियमचा सण यांच्या जुन्या पंचांगाने 28 ला येणार, त्यामुळे त्याआधीचा दोन आठवड्यांचा उपवास चालू होता आणि खानावळींत ‘सामार्ख्वो’ असा वेगळा पानभर मेनू होता: घेवड्याचे सारण भरलेली भाकर, अक्रोडाच्या वाटणातली वांगी, मका. चीज, अंडे, मांस काहीच नाही. श्रावणात घर सोडल्याबद्दल सासूबाईंना आता काही सांगण्यासारखे होते.

सकाळी एका लहान चर्चच्या अंगणात टोपल्या मांडल्या होत्या. सफरचंदे, नासपती आणि द्राक्षे. या दिवसाआधी नवी द्राक्षे खात नाहीत, अशी रीत आहे. दाढीवाले धर्मगुरू झाडूसारख्या कुंचल्याने पाणी शिंपडत गेले, आमच्यावरही उडाले. नाशिकची असल्यामुळे माझी नजर घडांवर गेली. आमच्याकडे या महिन्यात वेलीवर फळ नसते. हे मणी लहान, गडद जांभळे, साल जाड, बुरशीची पांढरी राख नाही, फवारणीचा डागही नाही. एका आजीने अख्खा घड माझ्या हातात ठेवला. मी मणी तोंडात टाकला. आंबटगोड, आणि बियाच बिया. अंगण नुकतेच झाडलेले होते, थुंकायला जागा नव्हती. भाच्याचेही गाल फुगलेले होते. त्याने पाकीट काढले, आत शोधून एक घडी केलेला कागद उलगडला आणि तळहातावर धरला. औदे केर्कची पावती होती. आम्ही दोघांनी त्यावर बिया टाकल्या.